धुक्यातल्या हायवेवर उलटलेला ट्रक कसा काढावा

"थांब की बे, गाडी कुठं पळून जातीय का?" क्रेनवर नवीन पोरगं आलं आणि उतरल्या उतरल्या हूक घेऊन गाडीकडे धावलं, की जुना ऑपरेटर त्याला असंच दटावतो. अख्ख्या धंद्याचं शहाणपण या एका वाक्यात आहे. जो अपघात व्हायचा होता तो होऊन गेलेला असतो. पुढचा अपघात मात्र अजून व्हायचा असतो, आणि तो होतो गाडी काढायला आलेल्या माणसांचा. म्हणून खाली कामाचा जो क्रम दिलाय तो मोडू नका. आधी रस्ता, मग माणूस, मग माल, मग जमीन, आणि वायर सगळ्यात शेवटी.

दिवाळीनंतर सोलापूरच्या चारी दिशांचे रस्ते बदलतात. कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर येतात. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी मोळ्या बाहेर आलेल्या, मागचा लाल दिवा वाढ्यांखाली गेलेला. डिसेंबर-जानेवारीत सोलापूर बाजार समितीत कांद्याची आवक चढते, तेव्हा पहाटेच्या लिलावाआधी पोहोचायला गाड्या ताणून येतात. पाकणीच्या डेपोंतून डिझेल-पेट्रोलचे टँकर निघतात, होटगीकडून सिमेंटचे बल्कर. यात भर धुक्याची. पुणे-सोलापूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ भिगवण-इंदापूर-टेंभुर्णी पट्ट्यात उजनी धरणाच्या फुगवट्याच्या शेजारून जातो. थंडीत पहाटे तिथे धुकं रस्त्यावर उतरतं, आणि कुणी रात्री पाचट पेटवलं असेल तर धूर त्यात मिसळून पुढचं काहीच दिसत नाही. विजयपूर आणि तुळजापूरकडे जाणारा ५२ नंबर, मंगळवेढा-सांगोल्यावरून सांगलीला जाणारा १६६, अक्कलकोटचा १५०ई, प्रत्येकाची खोड निराळी. पण पहाटे चार ते आठ ही वेळ सगळीकडेच वाईट.

हा लेख क्रेनमालक, ऑपरेटर आणि हेल्परसाठी आहे. गाडीमालकांनीही वाचावा, म्हणजे समोरचा क्रेनवाला काम जाणतो की नुसती ओढाताण करतो ते कळेल.

फोनवरच अर्धं काम

"गाडी पडलीय, लवकर या" एवढ्यावर निघू नका. किलोमीटरचा दगड कुठला, किंवा जवळचा टोलनाका, पूल, ढाबा कुठला? गाडी पुण्याकडे जाणाऱ्या बाजूला आहे की हैदराबादकडे? किती टायरची, आणि आत काय भरलंय? कुशीवर पडलीय, पूर्ण उलटी आहे की नाल्यात तोंड घालून उभी? कुणी आत अडकलंय का? काही गळतंय का? वरून विजेची तार जाते का? लोकेशन आणि चारी बाजूंचा व्हिडिओ मागवा. ड्रायव्हर घाबरलेला असेल तर क्लीनरशी बोला, नाहीतर बाजूच्या ढाबेवाल्याशी. तो बहुतेक वेळा जास्त नीट सांगतो.

माणूस अडकलेला किंवा जखमी असेल तर पहिला फोन १०८ ला आणि ११२ ला. राष्ट्रीय महामार्गाची मदतवाहिनी १०३३. टोलच्या रस्त्यावर गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवणं ठेकेदारावर बंधनकारक असतं. सावळेश्वर, वरवडे, तामलवाडी यांपैकी जो नाका जवळ असेल तिथल्या गस्तीच्या गाडीला तुमच्या आधी पोहोचू द्या, कारण रस्ता अडवण्याचं सामान आणि अधिकार तिच्याकडे असतात.

बाजू विचारण्याला कारण आहे. दुभाजकाच्या पलीकडे गाडी पडली असेल, तर पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून यायला सात-आठ किलोमीटर जादा पडतात. तेवढे पडू द्या. धुक्यात हायड्रा (भार उचलून चालणारी छोटी क्रेन) घेऊन राँग साइडने जाणाऱ्याला मी क्रेनवाला मानत नाही.

गाडीत काय हवं

मोठी यादी करत नाही. क्रेनसोबत जे सामान नसतं आणि जागेवर गेल्यावर ज्याची आठवण होते, तेवढंच लिहितो:

- चमकणाऱ्या पट्ट्यांचे कोन, निदान वीस, आणि चार-पाच त्रिकोण
- प्रत्येकाला रिफ्लेक्टरचं जाकीट, हेल्मेट आणि चामड्याचे हातमोजे
- रुंद पट्टे, शॅकल (पिनने बंद होणारी लोखंडी कडी), दोन स्नॅच ब्लॉक (वायर वळवायच्या उघडत्या कप्प्या)
- लोखंडी प्लेटा आणि रेल्वेच्या जुन्या स्लीपरचे तुकडे
- चाकांखाली लावायच्या लाकडी उट्या, वाळूची आठ-दहा पोती, लाकडाचा भुसा
- स्प्रिंग ब्रेक बांधायचे बोल्ट, हवेचा लांब पाइप आणि जोडण्या
- अग्निशामक नळकांडी, शिट्टी, दोन टॉर्च

शिट्टी विसरू नका. ती कशाला लागते ते पुढे येईल.

पहिला टप्पा: रस्ता

चारपदरी रस्त्यावर मालवाहू गाडीला ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ड्रायव्हरला अडथळा दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दोन सेकंद धरा, म्हणजे ४४ मीटर गेले. भरलेली गाडी थांबायला त्यापुढे साठेक मीटर खाते. एकूण १०० मीटरच्या वर. वेग ६० वर आणला तरी ७० मीटर लागतातच. धुक्यात ५० मीटरवरचं दिसत असेल, तर तो कितीही चांगला ड्रायव्हर असू दे, तुम्हाला पाहून थांबूच शकत नाही. गाडीमागे पंधरा-वीस पावलांवर त्रिकोण ठेवण्याचा उपयोग फक्त फोटोत दिसण्यापुरता.

पहिली खूण स्वच्छ हवेत २०० मीटर मागे आणि धुक्यात ३०० ते ४०० मीटर मागे हवी. वळण किंवा पुलाचा चढ मध्ये असेल तर खूण येणाऱ्या गाडीच्या बाजूने त्याच्या अलीकडे ठेवा. पलीकडे ठेवली तर तोच सापळा होतो. खुणेचा त्रिकोण कडेला. तिथून पुढे कोन तिरक्या रेषेत, कडेकडून आत सरकत जाणारे, म्हणजे येणारी गाडी हळूहळू दुसऱ्या लेनमध्ये ढकलली जाते. कोन एकदम आडवे लावले की ड्रायव्हर दचकून स्टिअरिंग फिरवतो. कोन मांडणारा माणूस येणाऱ्या वाहतुकीकडे तोंड करून, रस्त्याच्या कडेने चालतो. पाठ फिरवून कधीच नाही.

कामाची जागा आणि येणारी वाहतूक यांच्या मध्ये एक मोठी गाडी आडोसा म्हणून उभी करा. गस्तीची गाडी असेल तर ती, नसेल तर तुमचा मागून आलेला ट्रक. चाकं कडेकडे वळवून हँडब्रेक लावा, म्हणजे मागून धडक बसली तरी ती तुमच्या माणसांवर घसरत येणार नाही. त्यात कुणीही बसून राहायचं नाही. हा आडोसा आणि काम यांच्यात निदान ३० मीटर मोकळे ठेवा.

एक माणूस फक्त वाहतुकीवर नजर ठेवायला. त्याच्या हातात दोरी नको, फोन नको. तो सगळ्यांच्या मागे, कडेच्या बाहेर, पळायला मोकळी वाट असलेल्या जागी उभा राहतो. वेगात येणारी गाडी त्याला संशयास्पद वाटली की लांब शिट्टी. शिट्टी ऐकली की हातातलं जे असेल ते टाकून सगळ्यांनी कडेला. खोटी शिट्टी झाली तरी त्याला कुणी शिव्या द्यायच्या नाहीत, नाहीतर पुढच्या वेळी तो वाजवायला कचरेल.

उजेडाचं एक सांगतो. क्रेनचे फ्लडलाइट काम दिसावं म्हणून लावतात आणि ते समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर जातात. दिवा वरून खाली, वाहतुकीकडे पाठ करून. उलट तोंडाने उभ्या असलेल्या क्रेनचे हेडलाइट बंद, पिवळा फिरता दिवा चालू. धुक्यात हाय बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, हे ड्रायव्हरला माहीत असतं, आपल्या लोकांना आठवत नाही.

दगड आणि झाडाच्या फांद्या मांडण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. काही नसेल तेव्हा चालतं, पण काम संपल्यावर ते दगड तिथेच राहतात आणि संध्याकाळी एखादा दुचाकीवाला त्यावर जातो. ज्याने मांडले त्यानेच उचलायचे.

आणि पायी चालणारे. कार्तिकीच्या आधी पंढरपूरच्या वाटांवर दिंड्या अंधारातच निघतात, कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला हजारो लोक चालत जातात, जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला खेड्यापाड्यांतून लोक येतात. तुमच्या कोनांमुळे ते कडेवरून रस्त्यात ढकलले जात नाहीत ना, हे पाहा. त्यांच्यासाठी कडेने वेगळी वाट ठेवा.

दुसरा टप्पा: गाडीभोवती एक फेरी

हात न लावता पूर्ण फेरी मारा. आत माणूस असेल तर गाडी हलता कामा नये. केबिन ओढून मोकळी करायची घाई जमलेली गर्दी करते, तुम्ही करू नका. चाकांना उट्या लावा, जिकडे कलंडू शकते तिकडे स्लीपरचा आधार द्या, आणि अग्निशमन दल किंवा पोलीस सांगतील तेवढंच उचला. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४अ ने संरक्षण दिलंय, त्यामुळे "पोलिसांचं झंझट नको" म्हणून मागे राहायचं कारण उरलं नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचार मिळण्याची केंद्राची योजनाही आहे, हे घरच्यांना सांगा.

माणूस नसेल तर बॅटरी तोडा, आधी वजा बाजू. डिझेल टाकी फुटली असेल तर खाली वाळू टाका. बिडी-सिगारेट सगळ्यांची बंद, बघ्यांचीसुद्धा. मग वर पाहा. अकरा किंवा तेहतीस केव्हीची तार असेल तर बूम (क्रेनचा लांब हात) आणि वायर तिच्यापासून तीन मीटरच्या आत जाता कामा नये. शंका असली तरी महावितरणला १९१२ वर फोन करून लाइन बंद करून घ्या, आणि बंद झाल्याची खात्री त्यांच्या माणसाकडूनच घ्या. सोलापूर परिसरात ७६५ केव्हीच्याही वाहिन्या आहेत. सोलापूर-रायचूर ही त्यातलीच, २०१३ च्या अखेरीस सुरू झालेली. त्यांच्याखाली तीन मीटरचा हिशेब चालत नाही, तिथे बूम उभाच करू नका.

टँकर असेल तर मागच्या-बाजूच्या पाटीवरचा चार आकडी नंबर लांबूनच वाचा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, ११७० इथेनॉल. १०७५ दिसला आणि वास किंवा फुसफुस असेल तर क्रेन दूर ठेवून इंजिन बंद करा, वारा जिकडून येतो त्या बाजूला व्हा, १०१ ला कळवा आणि थांबा. तेल कंपनीचं पथक येऊन माल दुसऱ्या टँकरमध्ये घेईपर्यंत तो हलवायचा नाही. साखर कारखान्यांमुळे आपल्या रस्त्यांवर इथेनॉलचे टँकर वाढलेत, आणि त्यात एक फसवी गोष्ट आहे. इथेनॉलची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. उन्हात हवा थरथरताना दिसली तर आग लागलीय असं समजा. साधा फोम त्यावर विरघळतो, अल्कोहोलवर टिकणारा फोम लागतो, म्हणून अग्निशमन दलाला फोनवरच माल कुठला ते सांगा.

तिसरा टप्पा: माल

इथे मालकाशी भांडण होतं. मालकाला वाटतं, भरलेली गाडीच उभी करा, माल उतरवायला हमाल, दुसरी गाडी, दोन तास, कशाला? त्याला हिशेब सांगा.

दहा टायरची गाडी नियमाप्रमाणे मालासकट २८.५ टन, ट्रेलर ५५ टनांपर्यंत. चिखलात रुतलेली गाडी ओढायला किती जोर लागतो, याचे सैन्याच्या गाड्या काढणाऱ्यांनी बांधलेले ठोकताळे आहेत. चाकं रुतली असतील तर गाडीच्या वजनाएवढा. मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट. केबिनपर्यंत तर तिप्पट. पक्क्या रस्त्यावर चाकं जाम असलेली गाडी घसरत न्यायला वजनाच्या दोन तृतीयांश.

म्हणजे कांद्याने भरलेली दहा टायर गाडी कडेच्या शेतात मडगार्डपर्यंत रुतली, तर ५७ टनांचा ओढा लागेल. तो आणायचा कुठून? तीच गाडी रिकामी केली तर वजन दहाएक टन, ओढा वीस टन. एका विंचची (वायर ड्रमवर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची) वायर स्नॅच ब्लॉकमधून दुहेरी करून घेतली की हे आवाक्यात येतं. दुसरी क्रेन मागवण्यापेक्षा हमालांची टोळी स्वस्त पडते आणि चॅसीही वाकत नाही. ऊस असेल तर मोळ्या उतरवण्यात विचार करण्यासारखं काही नाहीच, ट्रॉली भरलेली उचलणं हा मूर्खपणा आहे. सिमेंटचा बल्कर मात्र जागेवर रिकामा करणं अवघड. त्याचं वजन वर असतं आणि आतली भुकटी एका बाजूला जमलेली असते, म्हणून त्याला दोन क्रेनशिवाय हात लावू नका.

माल उतरवताना पोलीस असू द्या. कांदा, तेलाचे डबे, कापडाच्या गाठी पाहून गर्दी कशी वागते ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्या गर्दीतलं एखादं पोर लेनमध्ये पळतं.

चौथा टप्पा: जमीन

हिवाळ्यातली आपली काळी माती फसवते. वरून भेगा पडलेली, कडक, पाय आपटला तर टणक. आत मात्र परतीच्या पावसाची किंवा कालव्याच्या पाण्याची ओल. वरून शेकलेली आणि आत कच्ची राहिलेली भाकरी, तसं. क्रेनचा जॅक (टेकूचा पाय) त्यावर ठेवला की आधी काही होत नाही, भार आला की एकदम खचतो.

जॅकचा पाय ३० बाय ३० सेंटिमीटरचा असेल आणि त्यावर १० टन आले, तर जमिनीवर चौरस मीटरला ११० टनांच्या पुढे दाब पडतो. तोच पाय एक मीटर बाय एक मीटरच्या जाड लोखंडी प्लेटवर, खाली आडवे-उभे स्लीपर रचून ठेवला की दाब १० टनांवर येतो. क्रेन शक्यतो डांबरावरच, पण डांबराच्या अगदी काठावर नको. भरावाची कड सुटते. उभं करण्याआधी लोखंडी सळई जमिनीत खुपसून पाहा, ती सहज गेली तर जागा बदला.

हायड्रावाल्यांना वेगळं सांगतो. गाडीवर लिहिलेले टन हे बूम जवळ घेतलेला असतानाचे. बूम लांबला की क्षमता झपाट्याने उतरते, आणि गाडी मधल्या सांध्यातून वळवली की आणखी. केबिनमध्ये लावलेला तक्ता वाचा. तो फाटला असेल तर नवा मागवा.

पाचवा टप्पा: वायर आणि पट्टे

वायरकडे आदल्या दिवशी पाहायचं असतं, जागेवर गेल्यावर नाही. कापडाने पुसून पाहा. कापड अडकलं तिथे तार तुटलेली. एका पिळात (एक लड वायरभोवती पूर्ण फेरा घेते तेवढ्या लांबीत) सहा तारा तुटलेल्या, किंवा एकाच लडीत तीन, म्हणजे वायर बाद. पिळा पडलेली, पिंजऱ्यासारखी फुगलेली, चपटी झालेली, गंजून बारीक झालेली वायरही बाद. ती वायर ओढायला ठीक आहे म्हणून ठेवून देऊ नका. ओढताना तुटलेली वायर उचलताना तुटलेल्या वायरपेक्षा जास्त माणसं मारते, कारण ती आडवी फिरते.

यू-क्लॅम्पने वायरच्या टोकाचा डोळा (फास) बांधताना क्लॅम्पचं खोगीर भार घेणाऱ्या वायरवर येतं आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलटं लावलं तर बोल्ट भाराची वायरच चेचतो. असा बांधलेला डोळा उचलायला नकोच, दाबून बसवलेल्या फेरूलचा (धातूच्या नळीचा) हवा. वायर ज्या भाराला तुटते त्याच्या एक पंचमांशावर तिचा वापर ठेवा. शॅकलची पिन पूर्ण आवळा. पिनच्या जागी मिळेल तो बोल्ट घालण्याचा प्रकार दिसला तर काम तिथेच थांबवा.

पट्ट्यांमधला कोन हा सगळ्यात मोठा चकवा. १० टन वजन दोन पट्ट्यांवर उचललं तर प्रत्येकावर ५ टन येतील, असं वाटतं. पट्टे सरळ उभे असतील तरच. दोघांमधला कोन ६० अंश झाला की प्रत्येकावर ५.८ टन, ९० अंशाला ७.१, आणि १२० अंशाला पुरे १० टन. म्हणजे दोन पट्टे लावूनही तुम्ही एकावरच उचलत असता. पट्टे आखूड पडले की माणूस कोन पसरवतो. पसरवू नका, लांब पट्टे आणा.

स्नॅच ब्लॉकमध्येही तसंच. वायर पूर्ण उलटी वळली तर ब्लॉकवर आणि तो ज्याला बांधलाय त्यावर दुप्पट भार येतो, काटकोनात वळली तर जवळजवळ दीडपट. झाडाला ब्लॉक बांधताना हे लक्षात ठेवा, रस्त्याकडेच्या लिंबाला कुणी विचारत नाही. विंचच्या ड्रमवर शेवटचे चार-पाच वेढे कायम राहू द्या. ओढ सुरू झाली की ताणलेल्या वायरवर मध्ये ओलं पोतं टाका आणि वायरच्या लांबीएवढ्या अंतरात कुणी उभं राहायचं नाही. दवाने ओल्या वायरवरचा हातमोजा घसरतो, आणि आपण चालत्या वायरला हाताने वळवतो. तिला हात लावायचाच नाही, गुंडाळीला बसवायची असेल तर विंच थांबवा.

सहावा टप्पा: उभी करणं

पट्टे चॅसीला आणि हौदाभोवती. एक केबिनच्या मागे, एक मागच्या धुऱ्यांजवळ. बंपर, केबिन, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्याकडे जाणारा दांडा), नुसता धुरा, यांना कधीच नाही. तीक्ष्ण कडेवर पोतं किंवा जुन्या टायरचा तुकडा घाला, नाहीतर पट्टा कापला जातो.

आता ज्या गोष्टीसाठी काम जाणणारा क्रेनवाला बोलवायचा ती गोष्ट. गाडी कुशीवरून उठायला लागली की सुरुवातीला साधारण निम्मं वजन उचलणाऱ्या क्रेनवर येतं. गाडी जसजशी वर येते तसा भार कमी होत जातो. ऑपरेटरला वाटतं, झालं काम. आणि मग एक क्षण येतो जेव्हा वजन तोलावरून पलीकडे जातं, वायर सैल पडते आणि अख्खी गाडी स्वतःच्या वजनाने धाडकन चाकांवर आदळते. पाटे मोडतात, धुरे वाकतात, टायर फुटतात, कधी ती दुसऱ्या कुशीवर जाते. हे होऊ नये म्हणून धरणारी वायर हवी. गाडी ज्या बाजूला वळून चाकांवर येणार, त्याच्या विरुद्ध बाजूला दुसरी क्रेन किंवा विंच, चॅसीला बांधलेली. उचलणारी वायर घेते तेवढीच धरणारी सोडते. दोन्ही वायर कायम थोड्या ताणात. एका क्रेनवर "उभी करून देतो" म्हणणारा कमी पैसे सांगेल, मग वर्कशॉपचं बिल बघा.

आधी हातभर उचला आणि थांबा. जॅक खचले का, पट्टा सरकला का, काही गळायला लागलं का, ते पाहा. मग पुढे. चॅसीवर डोळा ठेवणारा एक आणि ऑपरेटरला हातवारे करणारा एकच माणूस. दहा जण "घे, घे, सोड" ओरडत असतात त्यांचं ऑपरेटरने ऐकायचं नाही. आपल्या रस्त्यावर मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी एकाच वेळी चालतं, एक "थांब" म्हणतो, दुसरा "निल्लू", तिसरा "आगू". म्हणून इशारा हाताचा. थांबण्याचा इशारा मात्र कुणीही द्यायचा, अगदी क्लीनरनेही, आणि तो लगेच मानायचा.

गाडी चाकांवर आली की पट्टे काढायच्या आधी उट्या लावा.

सातवा टप्पा: टोचन

हवेच्या ब्रेकची गाडी हवा संपली की मागची चाकं स्वतःच जाम करते. आतली स्प्रिंग ब्रेक लावून धरते. ती सोडवायचे दोनच रस्ते. क्रेनच्या टाकीतून पाइपने गाडीला हवा द्या, किंवा प्रत्येक स्प्रिंग चेंबरमध्ये बोल्ट घालून स्प्रिंग दाबून बांधा. बोल्ट बहुतेक वेळा चेंबरच्याच बाजूच्या खाचेत असतो. मागच्या भोकातून घालायचा, पाव वळसा देऊन अडकवायचा आणि नट आवळत जायचा. चाकांना उट्या आधीच हव्यात, कारण हे झाल्यावर गाडीला ब्रेक उरत नाही. चेंबरवर जी गोल पट्टी असते ती कधीही, कशासाठीही उघडायची नाही. आतली स्प्रिंग टनाच्या हिशेबाने दाबलेली असते, पट्टी सुटली की झाकण छातीत बसतं. रस्त्यावर चेंबरवर हातोडी मारणारा मेकॅनिक दिसला तर त्याला लांब न्या.

मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढायची असेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडा किंवा हाफ शाफ्ट (धुऱ्यातून चाकाकडे जाणारा दांडा) काढा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये ऑइल फिरत नाही, चाकं मात्र आतले गिअर फिरवत राहतात. मोहोळपासून सोलापूरपर्यंत तसंच आणलं तर गिअरबॉक्सचा खर्च क्रेनच्या भाड्याच्या वर जातो. हाफ शाफ्ट काढल्यावर हबचं तोंड झाका.

लोखंडी रॉडने किंवा पुढची चाकं उचलून न्या. नुसत्या वायरवर बिनब्रेकची गाडी ओढणं वाईटच. नियमानेही टोचनाचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या वर नको, दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरच्या वर नको, आणि मागे टोचनाची पाटी हवी. धुकं असेल तर निघूच नका, ढाब्याच्या किंवा टोलनाक्याच्या आवारात ऊन येईपर्यंत थांबा.

पैसे आणि कागद

थोडक्यात. हलवण्याआधी चारी बाजूंचे फोटो, पोलिसांची परवानगी, विमा कंपनीला फोन. दर हूक लावण्याआधी ठरवा, लिहून घ्या: येण्या-जाण्याचे, तासाचे, हमालीचे वेगळे. जखमी माणूस आत असताना दर ठरवत बसणाऱ्याला या धंद्यात ठेवू नये. विम्यात टोचनासाठी धरलेली रक्कम बहुतेक वेळा थोडी असते, मालकांनी पॉलिसी घेतानाच जादा संरक्षण विचारावं.

रस्ता सोडताना

गाडी निघाली की सगळे सैल होतात, आणि तेव्हाच कोन उचलणारा पोरगा एकटा रस्त्यावर असतो. कोन कामाच्या जागेकडून सुरू करून मागे मागे, वाहतुकीकडे तोंड करून उचला. सगळ्यात लांबची पहिली खूण शेवटी. पहारा देणारा माणूस तोपर्यंत जागेवरच.

डिझेल-ऑइलवर भुसा आणि वाळू टाका, घासा, पोत्यात भरा. नुसतं पाणी मारलं तर तेल पसरतं आणि दवाबरोबर सकाळभर घसरडं राहतं. काचा, तुटलेले पाटे, कांदे, उसाच्या मोळ्या झाडून कडेला. दुभाजकाचा कठडा तुटला असेल तर १०३३ ला कळवा, तो दुरुस्त होईपर्यंत तिथे त्यांचे कोन राहतील.

यार्डात आल्यावर वायर पूर्ण सोडून, पुसून, ताणात पुन्हा ड्रमवर गुंडाळा. सैल गुंडाळलेली वायर पुढच्या भाराला खालच्या वेढ्यांत घुसते. पट्टे वाळवा आणि कापलेला असेल तर मधोमध चिरून टाका, नाहीतर कुणीतरी तो पुन्हा गाडीत टाकतो. मग वहीत लिहा: कुठली गाडी, किती भार, कुठली वायर, कुठला पट्टा बाद केला.